पोर्चमधली ओल

"तू येत नाहीस तर मग कोण येऊन जातं, हंसाबाई? भुतं?"

"मी तसं म्हणलं का, वैनी? मी येवढंच म्हणलं, मी नाई येत."

"रोज! रोज ऊन डोक्यावर आलं की फरशी ओली. आणि हे पाय. बघ ना तूच. तुमच्या तांड्यातल्याच कोणाचे तरी असतील!"

"तांड्यातलेच हायेत," गेटाबाहेर उभी राहून हंसाबाई म्हणाली. "थे मी कुठं नाई म्हणून राह्यली?"

रजनीताई पुढचं काहीतरी जोरात बोलणार होत्या, ते राहूनच गेलं. समोरची बाई एकदम कबूल झाली की भांडायला काही उरत नाही.

मे महिना होता. यवतमाळच्या बाहेर, बाभुळगावच्या बाजूला शेतं मोडून पडलेल्या लेआउटमधलं हे शेवटचं घर. अशा दुपारी इथे रस्त्यावर कुत्रंही नसतं. सगळ्यांची दारं बंद, सगळ्यांचे कूलर चालू, आणि त्या घरघरीपलीकडे एवढी सामसूम की आपण बोललो तर आपल्यालाच दचकायला होतं.

पावलं मागच्या भिंतीपासून निघत. त्या भिंतीला दार नव्हतं, खिडकी नव्हती. घराच्या बाजूच्या बोळीतून ती पोर्चमध्ये येत. अनवाणी पावलं, दोघांची पुढे, दोघांची मागे, टाचा जड. पोर्चच्या मधोमध थांबत. तिथे फरशीवर माणसाच्या लांबीची ओल. त्यापुढे गेटापर्यंत कोरडी ठणठणीत फरशी. आलेलं कोणी परत गेलेलं दिसत नसे, पुढे गेलेलंही नाही.

आधी वाटलं, कूलरचं पाणी. कूलर दुसऱ्या खिडकीत नेला. मग वाटलं, टाकी झिरपते. प्लंबर आला, फरशीला कान लावून उठला आणि म्हणाला, "काकू, इकडं पाइप तं हायच नाई." पैसे न घेताच गेला, आणि पुन्हा फोन उचलला नाही. मग रजनीताईंचा संशय हंसाबाईवर गेला. कारण होळीनंतर ती एकटीच भर उन्हात या गेटासमोर येऊन उभी राहायची. काही मागायची नाही. नुसती आत पाहायची.

हंसाबाईचा तांडा त्या मागच्या भिंतीला लागून. महागावकडून ती इथे लग्न होऊन आली. तिच्या सासऱ्याच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून मुलुख पालथा घातला होता. बैल गेले, ओझं राहिलं. ते हंसाबाईच्या डोक्यावर आलं. विटा, रेती, गिट्टी. "ह्या लेआउटातलं अर्धं सिमेंट माह्या डोक्स्यावरून गेलं," असं ती हसून सांगायची. जीभ भलती तिखट. मिस्त्री रेंगाळला की म्हणायची, "मिस्त्री, तुई थापी उठेपर्यंत माहं घमेलं माहेरी जाऊन येते!" आणि अख्खी साइट हसायची.

तांड्यातून एक पायवाट निघायची, सरळ. त्याच वाटेनं शाळा, त्याच वाटेनं दवाखाना, त्याच वाटेनं बाजार आणि शेवटी नाल्याकाठचं स्मशान. अर्ध्या वाटेवर दगडांची एक रास होती. तो विसावा. तांड्यातला माणूस गेला की तिरडी तिथे टेकवायची, पाणी द्यायचं, मग पुढे.

रजनीताईंच्या प्लॉटचं भूमिपूजन झालं तेव्हा ती रास प्लॉटातच, आता पोर्च आहे तिथे, आली. सदाशिवराव, म्हणजे रजनीताईंचे मिस्टर, बांधकाम खात्यात ट्रेसर होते. सारी नोकरी नकाशे काढण्यात गेली. त्यांनी कामावर आलेल्या हंसाबाईला विचारलं, "हा ढीग कशाचा गं? आणि ही वाट कुठे जाते?"

समोर नव्या साडीतल्या रजनीताई, हातात हळदकुंकवाची वाटी. तांड्यात रीत आहे, कोणाच्या घराचा पाया घालताना मरणाचं नाव काढायचं नाही. काढलं तर ते त्या घरात राहायला येतं. हंसाबाईनं त्या सवाष्णीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काही नाई साहेब. गुराख्यायनं रचले असतीन दगडं. वाट तं अशीच हाय, कुठं जात नाई."

तिला वाटलं, आपण या घराचं भलं केलं.

"चांगले दगड आहेत," सदाशिवराव म्हणाले. "पायात टाका." हंसाबाईनंच ते घमेल्यात भरले आणि पायात नेऊन ओतले. मागची भिंतही तिनंच सिमेंट वाहून उभी केली. मजुरांना यायला-जायला भिंतीत खिंड ठेवली होती, ती राहील असंच सगळा तांडा धरून चालला. माणसं जाणार कुठून, एवढं तर बांधणाऱ्याला कळेल. एका सकाळी ती डबा घेऊन आली तर खिंड भरलेली. माल अजून ओला होता.

तेव्हापासून तांड्याला रस्ता एकच, बायपास. मधे कमरेएवढा डिव्हायडर. त्यात कन्हेरीची झाडं लावली, पण माणसाला जायला फट ठेवली नाही. हंसाबाई लुगडं खोचून त्यावर चढायची. तिची नात रंजिता शाळेचं दप्तर आधी पलीकडे फेकायची, मग उडी मारायची.

हंसाबाईचा मुलगा पूनमसिंग तिला घेऊन हापिसं फिरला. एकानं सांगितलं, तांडा ग्रामपंचायतीत येतो. दुसऱ्यानं सांगितलं, लेआउट नगरपरिषदेत येतो. तिसऱ्यानं सांगितलं, बायपास आमच्याकडे नाहीच.

"साहेब, हापिसं तीन हायेत," हंसाबाई म्हणाली, "आमी वाट एकच मांगून राह्यलो."

साहेबानं नकाशा पसरला. "बाई, इथे वाटच नाही. होती असं म्हणतं कोण?"

"माहे पाय म्हणतेत."

साहेब हसला. चहाही पाजला. नकाशा गुंडाळून ठेवला.

होळीच्या आधी हंसाबाईचा नवरा रामलाल गेला. पायानं अधू, डिव्हायडर चढता येत नव्हता, म्हणून लांब वळणापर्यंत चालत गेला आणि तिथे टिप्परनं उडवला. त्याची तिरडी बायपासनंच न्यावी लागली. मागे गाड्यांचे हॉर्न, बाजूनं ट्रकचा वारा. टेकवायला जागा नाही, थांबायला सोय नाही. चार खांदेकरी तेच, तांड्यापासून नाल्यापर्यंत. घरी आल्यावर तांड्यातल्या म्हाताऱ्या रुक्माबाईनं पहिलं हेच विचारलं, "विसावा केला नं रे?"

एवढं सगळं हंसाबाईनं गेटाबाहेर, उन्हात उभं राहून रजनीताईंना सांगितलं. रजनीताईंनी मधेच तिला सावलीत ये म्हटलं. ती आली नाही.

"म्हणजे ही ओल..." रजनीताईंनी मागे वळून पाहिलं.

"तिथंच त्यायची तिरडी टेकवतेत. पुढं गेट बंद राह्यते."

"आणि टेकवणारे? ते कोण?"

हंसाबाईनं गजांतून बोट दाखवलं. "थो मागचा पाय पाहा, उजवीकडचा. अंगठा वाकडा हाय नं? थो माह्या पूनमचा."

"मग विचार ना त्याला! काहून येतो तो इथे?"

"पूनम ढाणकीले हाय, वैनी. कामाले गेला. फोन करते आपल्या मायले. म्हणते, याडी, दुपारी डोळा लागला का झालं, उठतो तं खांदा सुजेल राह्यते. बापाले नेलं तेव्हापासून उतरलाच नाई त्याचा खांदा."

कूलर घरघरत होता. रजनीताईंना वाटलं, त्या ओलीच्या कडेला आत्ता आणखी थोडं पाणी सरकलं. त्यांनी पाय मागे घेतला.

"मी काय करू, सांग. शांत करू? ब्राह्मण बोलावू?"

"बाह्मन कायले? मागची भिंत दारायेवढी फोडा. तिरडी जाईन येवढी. आमी त्यायले नेतो. मंग पोट्टेबी त्याच वाटेनं शाळेत जातीन." तिनं दोन्ही हातांनी गेटाचे गज धरले. "काल रंजिताची ओढणी टिप्परात अटकली. फाटली म्हून पोरगी वाचली. एक तिथं टेकला हाय, वैनी. दुसरं मले नाई आनाचं."

"काय चाललंय भर दुपारी?" बनियनवर सदाशिवराव बाहेर आले. डोळ्यांत झोप, हातात फडकं. रजनीताईंनी चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शांतपणे, नकाशा पाहावा तसं.

"हंसाबाई, तुझं दुःख समजतं मला. पण आज भोक पाडलं की उद्या वहिवाट. परवा कोर्ट मलाच म्हणेल, बाजूला व्हा. नकाशात रस्ता नाही म्हणजे नाही."

"तुमीच तं इचारलं होतं, वाट कुठं जाते."

"आणि तूच म्हणालीस, कुठे जात नाही!"

"म्हणली," हंसाबाई म्हणाली. "तुमच्या घरासाठी म्हणली."

"अहो, एवढंसं दार," रजनीताई म्हणाल्या. "मागच्या मागे जातील बिचारे. आपलं काय जातं?"

"प्लॉट जातो! आणि तू काय ह्या ओलीला घाबरून राहिलीस? पाणी आहे ते. फडक्यानं पुसलं की गेलं."

"साहेब, हात नका लावू," हंसाबाई एकदम म्हणाली. "इसाव्यावर खांदा बदलते. जो जवळ राह्यते त्याले घ्या लागते."

"घेतो की!" सदाशिवराव हसले. ओलीच्या कडेला, उजवीकडे, मागच्या बाजूला उकिडवे बसले आणि फडकं टेकवलं.

हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. हात मात्र थांबला.

मग ते उठले. सावकाश, गुडघ्यावर तळवा टेकून, जड काही उचलताना उठतात तसे. उजवा खांदा खाली दबला. उजवा हात आपोआप वर गेला आणि बोटं हवेत कशाभोवती तरी आवळली. फडकं फरशीवर पडलं. रजनीताईंना दिसलं, माणसाच्या लांबीची ती ओल आता तिथे नव्हती.

"अहो?"

त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. कोरड्या फरशीवर त्यांच्यापुढे आणि बाजूला तीन जणांची ओली पावलं त्याच ठेक्यात उमटत गेली. हंसाबाईनं बाहेरून गेटाची कडी काढली, डोक्यावर पदर घेतला आणि वाट सोडून बाजूला झाली.

"अहो, कुठे चाललात? ऐकून राहिले का? अहो, चपला तरी घाला, पाय भाजतील!"

सदाशिवराव उत्तर न देता गेटाबाहेर पडले आणि खांदा वाकवून, तापल्या डांबरावरून, नाल्याच्या दिशेनं चालू लागले.