वकील कशाला, असं मीच म्हणाले

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही अर्धंच म्हटलं आणि पुढचं गिळलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच कदाचित जमेल.

माझा घटस्फोट झाला, हे काही लपलेलं नाही. नाशकातल्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. उलट त्याचं कौतुकच झालं. भांडण नाही, आरोप नाही, वकीलसुद्धा नाही. दोघांनी मिळून अर्ज केला, दोघं मिळून कोर्टाबाहेर आलो. माझी मावशी अजून चार बायकांत सांगते, वेगळं व्हावं तर असं. मी ऐकून घेते. दर वेळी ऐकून घेते.

रामदास मखमलाबादचे. घरची भाजीची आणि झेंडू-गुलाबाची शेती. मी पंचवटीत वाढलेली, सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसणारी. एक्याण्णवला लग्न झालं, त्र्याण्णवला मीनल. ते वाईट नव्हते, हे आधीच लिहून टाकते. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आले नाहीत. माझ्या पाठीत उसण भरली की स्वतः विटकर तापवून फडक्यात गुंडाळून आणायचे. पण सासूबाईंना सून घरात हवी होती आणि मला नोकरी सोडायची नव्हती. आमच्या दोघींच्या मधे ते उभे राहायचे — आणि गप्प राहायचे. सहा वर्षं मी त्या गप्प बसण्याशी भांडले. मग मीनलला घेऊन माहेरी आले ती परत गेलेच नाही. यात कोणाचा दोष धरायचा? तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही. पण मला सांगायचंय ते हे नव्हेच.

वेगळं व्हायचं ठरलं, तेही शांतपणे ठरलं. त्यानंतर एका संध्याकाळी ते कारखान्याच्या फाटकाशी लुना घेऊन उभे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चुलतभाऊ म्हणतो, वकील लाव. मला तर त्यातलं काय कळत नाय. तुला काय वाटतं? लावू का?"

ऐकलंत ना? ज्या बाईपासून सुटायचं, तिलाच विचारत होते. दुसऱ्या कोणावर तेवढा भरवसा नव्हता.

मी म्हणाले, "वकील कशाला? वकील आले की भांडणं लागतात. आपलं तर भांडणच नाही. अर्ज मी लिहिते."

"तुला येतं?"

"पुस्तकात बघून लिहीन."

"मग बरं झालं," ते म्हणाले. चेहरा कसा हलका झाला त्यांचा. जाताना मीनलसाठी आणलेले पेरू माझ्या हातात दिले.

इथेच थांबावंसं वाटतंय. एवढंच सांगितलं तर मी चांगलीच दिसते, नाही का?

पण आठ दिवस आधी मी एका वकीलबाईंकडे जाऊन आले होते. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, घरी न सांगता. मला एकच भीती होती — मीनल. ती बापाची फार लाडकी. तिला मागितलं तर? वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, मुलीचा ताबा आईकडे, एवढंच लिहा. वडिलांनी कधी भेटायचं, सुट्टीत किती दिवस न्यायचं, त्याबद्दल अवाक्षर नको. लिहिलेलं नसलं की हक्कानं मागायला त्यांना पुन्हा कोर्टात यावं लागेल, आणि अशी माणसं सहसा येत नाहीत. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्यांनी वकील केला तर मात्र तो हेच आधी लिहून घेईल."

आता कळलं, मी 'वकील कशाला' असं का म्हणाले ते?

अर्जाचा मसुदा त्यांनीच करून दिला. मी तो माझ्या अक्षरात उतरवला, दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली — पुस्तकात बघून लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. तेवढं सुचलं मला. कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, तिथे आम्ही दोघं गेलो. टाइप झालेला कागद रामदासांनी उभ्या उभ्या वाचला, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश. शेवटी म्हणाले, "मीनलला भेटायचं ह्याच्यात नाय दिसत."

"त्यात काय लिहायचं?" मी म्हणाले. "तुमची मुलगी आहे. कधीही या."

"ते बी खरंय," म्हणाले, आणि सही केली.

अर्ज दिल्यावर कोर्ट सहा महिने थांबायला लावतं; त्या सहा महिन्यांत ते दर रविवारी आले. सहा महिन्यांनी पुन्हा तारीख होती. न्यायाधीशांनी विचारलं, वकील नाही का? रामदास म्हणाले, "नाय साहेब. हिनंच सगळं नीट केलंय." मग साहेबांनी विचारलं, मुलीच्या भेटीचं काय ठरलंय? रामदासांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती नाय म्हणणार नाय," म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. त्यांनी विचारलं, "पाठ दुखते का अजून?" मी नाही म्हणाले. दुखत होती.

पुढे वर्षभर मी शब्द पाळला. ते यायचे, मीनलला लुनावर पुढे उभी करून मळ्यात न्यायचे. संध्याकाळी ती मातीने माखलेले पाय आणि डोक्यात गुलाब घेऊन परत यायची. एका रविवारी आली आणि म्हणाली, "आई, मी तिकडेच राहू का?"

सात वर्षांच्या पोरीचं बोलणं ते. दुसऱ्या दिवशी ती विसरलीही असेल. मी विसरले नाही. पुढच्या रविवारी मी दारातूनच सांगितलं, तिला ताप आहे. त्याच्या पुढच्या रविवारी, चित्रकलेचा क्लास. मग परीक्षा. मग मामाकडे गेलीय — आणि ती आतल्या खोलीत होती. ते "बरं" म्हणायचे, भाजीची पिशवी उंबऱ्याशी ठेवून जायचे. त्यातल्या मेथीची भाजी आम्ही खाल्ली. मीनलला मी सांगितलं, बाजारातून आणली.

एकदाच त्यांनी विचारलं, "कागदात काय लिहिलंय आपल्या?"

मी म्हणाले, "काहीच लिहिलेलं नाही. बघा हवं तर."

त्यांना तेव्हा सगळं उमगलं, हे मला दिसलं. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "हां," म्हणाले, "नाय लिहिलं." आणि जिना उतरले. त्यानंतर महिन्याभरात मी नाशिकरोडला खोली घेतली. पत्ता कळवला नाही.

हेही कदाचित लोक करतात. आईचं काळीज, वगैरे म्हणतात. पण यानंतर जे केलं, त्याला तसलं काहीही म्हणता येत नाही.

मीनल विचारायची, बाबा का येत नाहीत? आधी मी टाळलं. पंधराव्या वर्षी तिने एकदा नीट समोर बसून विचारलं, "आई, खरं सांग. त्यांना मी नको होते का?"

मी कपाट उघडलं. अर्जाची प्रत काढून तिच्या हातात दिली. म्हणाले, "तूच वाच. तुला भेटायचं त्यांनी मागितलंच नाही."

तिने वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा एकदा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि माझ्या मनात काय होतं सांगू? सुटल्यासारखं वाटत होतं. तिने कागद घडीवर घडी घालून परत दिला. रडली नाही. "बरं," म्हणाली — अगदी त्यांच्यासारखं. पुन्हा कधीही विचारलं नाही.

मागच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गणेशवाडीच्या फूलबाजारात ते मला झेंडू विकताना दिसले. केस पिकले आहेत, खांदे जरा उतरले आहेत. मला पाहून त्यांनी हातातलं काम थांबवलं. कुठे असतेस विचारलं नाही, का असं केलंस विचारलं नाही. म्हणाले, "केवढी झाली?"

मी हात वर करून माझ्या डोक्याच्याही वर धरला. ते त्या हाताकडे बघत राहिले, त्याच्याखाली ती उभी असल्यासारखे. मग म्हणाले, "माझ्या आईवर गेली. ती बी उंच होती."

पत्ता माझ्या जिभेवर होता. घरनंबर, रस्ता, सगळं. एका वाक्याचं काम होतं. त्यांनी विचारू नये म्हणून मी घाईघाईने निघाले.

घरी मीनल कॉलेजची वही उघडून बसली होती. मान वर न करता तिने सहज विचारलं, "बाजारात कोणी भेटलं का गं?"

मी म्हणाले, "कोणी नाही."