सदुसष्ट म्हणजे काय थोडे झाले?

मार्क देताना माझा हात आखडता, हे मी कधी लपवलं नाही. सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी अकरा वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून मी येणार असं कळलं, की तिथली पोरं आदल्या दिवशी देवळात नारळ फोडायची म्हणे. फोडोत बापडी. नारळाला मी मार्क देत नव्हते. साठ म्हणजे फर्स्ट क्लास. पंचाहत्तर म्हणजे डिस्टिंक्शन, गावच्या पेपरात फोटो. आणि ऐंशीच्या वरचे मार्क देवासाठी राखून ठेवलेले. माझ्या सरांनी मला असंच तपासलं, मी माझ्या पोरांना तसंच तपासलं.

आता मी कॅनडात व्हिटबीला राहते आणि फुटबॉलची पोरं तपासते. हसू नका. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू काखेत मारून पळायचं आणि हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं, तो. नॉर्थ यॉर्कला आमचं एक छोटं ऑफिस आहे. कॉलेजांच्या मॅचचे व्हिडिओ आमच्याकडे येतात, आम्ही ते पुढेमागे करून बघतो आणि एकेका खेळाडूचा रिपोर्ट व्यावसायिक टीम्सना पाठवतो. दर वसंतात या टीम्स कॉलेजातून निघालेली पोरं पाळीपाळीने निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. हे दार एकदाच उघडतं. त्या दिवशी नाव पुकारलं गेलं नाही, तर बहुतेकांचा खेळ तिथंच संपतो. मग पदवी घेऊन निमूट नोकरी शोधायची.

पहिली दोन वर्षं मी नुसती मोजदाद करायची. कोण कुठं उभा राहिला, किती वेळा पडला, किती वेळा पाडलं. यंदा पहिल्यांदा आमच्या साहेबांनी मला मार्क द्यायला सांगितलं. साहेब म्हणजे एक सत्तरीचे गोरे गृहस्थ. आयुष्यभर पोरांना हा खेळ शिकवला, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना कोचच म्हणतात. त्यांनी माझ्यापुढं सहा पोरं ठेवली, सगळी डिफेन्सिव्ह एंड. हा गडी बचावाच्या फळीत अगदी टोकाला उभा असतो. समोरच्या धिप्पाड माणसाला चुकवून किंवा ढकलून त्यांच्या म्होरक्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकायच्या आत गाठायचं, हे याचं काम. इथल्या नियमानं याला चेंडूपासून एक यार्ड मागं उभं राहावं लागतं. म्हणजे पहिलं पाऊल रेंगाळलं की संपलंच. मी कॉलेजात कबड्डीला कोपऱ्यावर खेळलेली. माणसाच्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघायची सवय हाडात आहे, ती इथं कामाला आली.

मार्कांची पाच खाती होती. पहिलं पाऊल, हात, ताकद, खेळाची समज आणि दम. प्रत्येकी वीस. मला तर जर्नल, प्रयोग आणि तोंडी परीक्षाच आठवली.

त्या सहांत एक पोरगा हॅमिल्टनचा होता. काय सांगू! चेंडू हलायचा अवकाश, हा निघालेला. एका मॅचमध्ये यांची टीम इतकी मागं पडली होती की प्रेक्षकसुद्धा गाडीकडं निघाले होते. पाऊस पडत होता, सगळे पाय ओढत होते. आणि हा पठ्ठ्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाऊन चेंडूवाल्याला मागून पाडतोय. कशासाठी? काही उपयोग नव्हता. तो तुकडा मी पाच वेळा बघितला. हात जरा खाली ठेवायचा, कुणी सरळ अंगावर आलं तर अर्धं पाऊल मागं सरकायचा, तेवढं कापलं. आठ मॅच बघून त्याला सदुसष्ट दिले. माझ्या उभ्या आयुष्यात इतके मार्क मी फार थोड्यांना दिलेत. शेऱ्यात इंग्रजीत लिहिलं, 'सॅटिस्फॅक्टरी. सुधारणेला वाव आहे.' शुक्रवारी रिपोर्ट पाठवला आणि समाधानानं झोपले.

सोमवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात कोचचा फोन. ते इंग्रजीतच बोलतात, मी आपलं मराठीत सांगते.

"त्या हॅमिल्टनच्या पोराला झालंय तरी काय?" त्यांनी विचारलं. "गुडघा?"

"काही नाही झालेलं. का?"

"मग त्याला नापास का केलंस?"

मला वाटलं फोनमध्ये काहीतरी गडबड आहे. म्हटलं, "नापास? अहो, सहांत सगळ्यात जास्त मार्क त्याला आहेत!"

"तेच म्हणतोय. सहाही सत्तरच्या खाली. बाकीच्या पाचांचं ठीक आहे, पण याला दुसऱ्या दोघा तपासणाऱ्यांनी एक्क्याण्णव आणि एकोणनव्वद दिलेत. सत्तरच्या खाली एकानं जरी टाकलं तरी आपण नाव यादीतून काढतो, तुला माहितीय."

सत्तरची अट माहिती होती, पण ती तिघांच्या सरासरीला लागते असं मी धरून चालले होते. सत्तर म्हणजे कडक संस्था आहे, असं वाटून मी मनातल्या मनात त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं. कर्म माझं.

मला रागच आला आधी. सदुसष्ट म्हणजे काय थोडे झाले? टेबलाशी माझी लेक सिरियल खात बसली होती. ती दहाव्या वर्षी इकडं आली, आता युनिव्हर्सिटीत आहे. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, सदुसष्ट म्हणजे इकडं कसं गं? तिनं मान वर न करता सांगितलं, "आई, दॅट्स लाइक, अ सी प्लस." आणि मग सावकाश वर बघून म्हणाली, "ओह नो. हू डिड यू मार्क?"

फोडणी करपली. गॅस बंद करायचं भान राहिलं नाही.

पण खरा घोळ पुढंच होता. कोच म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. शनिवारी एका टीमच्या माणसाचा फोन आला होता. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे सगळ्यात तीक्ष्ण नजरेची बाई आहे, तिला या पोरात काहीतरी दिसलंय. बहुतेक दुखापत लपवतोय." त्यांचा आवाज पडला होता. उद्या संध्याकाळी ड्राफ्ट, आणि आज या पोराचा गुडघा गेलाय अशी हूल उठलेली. सगळी माझ्या सदुसष्टांमुळे!

व्हिटबीहून नॉर्थ यॉर्कला मी कशी पोचले ते माझं मला माहीत. एप्रिल संपत आला तरी माझ्या गाडीचे बर्फासाठी लावलेले विंटर टायर्स काढले नव्हते, ते सगळ्या हायवेभर घरघर करत होते आणि मी स्वतःला शिव्या देत होते. त्या पोरानं पावसात जीव तोडून धावायचं आणि कुठल्या तरी बाईनं सांगलीची फूटपट्टी लावून त्याला घरी बसवायचं, हा कुठला न्याय? बरं, चूक त्याची असती तर मी खमकी आहे, मला काही वाटलं नसतं. पण याची काही म्हणजे काहीच चूक नव्हती.

ऑफिसात मी कोचना सगळं सांगितलं. साठ म्हणजे काय, पंचाहत्तर म्हणजे काय.  ते म्हणाले, "याचे मार्क बदलून दे, मी सही करतो."

"एकट्याचे नाही बदलणार," मी म्हटलं. "तो वशिला झाला. सहाही परत तपासते."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कॉफी आणायला निघून गेले. मी सहाही पोरांचे तुकडे पुन्हा लावले. या वेळी शेजारी इथली फूटपट्टी लिहून ठेवली, नव्वद म्हणजे काय, ऐंशी म्हणजे काय. दोघं खालीच राहिले. ते सांगलीतही खालीच राहिले असते. तिघं वर सरकले. हॅमिल्टनच्या पोराला अठ्ठ्याऐंशी टाकताना माझं बोट अडलं, खोटं कशाला सांगू. अकरा वर्षांत तो आकडा मी कुणाच्या नावापुढं लिहिला नव्हता. पुन्हा तो पावसातला तुकडा बघितला आणि लिहिला एकदाचा.

मग शेरा. 'सॅटिस्फॅक्टरी' खोडलं, आणि बसले की विचार करत! आमच्यात पोरानं झेंडा लावला तरी 'बरं केलंस' म्हणायचं, फार चढवून ठेवायचं नाही. कौतुक लिहायला शब्दच सापडेनात. शेवटी इंग्रजीत सरळ लिहिलं, 'माझी टीम असती तर मी याला घेतला असता. हरलेल्या मॅचमध्येही हा थांबत नाही.'

दुपारी चारच्या सुमारास कोचनी त्या टीमच्या माणसाला फोन लावला आणि मला म्हणाले, तूच बोल. 

"पोराला काय झालंय?" पलीकडचा आवाज कोरडा होता.

"काही नाही झालेलं, सर. ठणठणीत आहे. चूक माझी आहे." आणि मी मार्कांचं सांगायला लागले. त्याला पटेना. सदुसष्ट हे चांगले मार्क असतात, हे त्याच्या डोक्यात शिरेचना.

"मॅडम, तुम्हाला स्वतःला किती होते?" त्यानं जरा खवचटपणे विचारलं.

"एमएस्सीला एकसष्ट," मी म्हटलं. आता माझाही पारा चढला होता. "आणि एकसष्टला माझ्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते! पेढे म्हणजे मिठाई. शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, पोस्टमनला. लोक अभिनंदनाला घरी आले होते. त्या पेढ्यांवर मी कॉलेजात शिकवायला लागले. त्याच हिशेबानं या पोराला सदुसष्ट दिले, म्हणजे बघा किती दिले!"

 त्यावर तो जो हसायला लागला, तो थांबेचना. कोचही तोंड फिरवून हसत होते. मला हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण मी हे आणखी दोघा टीमवाल्यांना सांगून बसलोय. त्यांना परत फोन करतो. ते ऐकतील की नाही, ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे टांगती तलवार राहिलीच. शब्द तोंडातून गेला की गेला. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीनं लॅपटॉप डायनिंग टेबलावर ठेवला. पहिली फेरी झाली, त्याचं नाव नाही. दुसरी झाली, नाही. लेकीनं चहा केला, तो तसाच गार झाला. तिसऱ्या फेरीत माझ्याच सहांतल्या दुसऱ्या एकाचं नाव आलं. चांगला होता तो, पण याच्यापुढं काहीच नव्हता. मग मला कळून चुकलं, हूल खरी धरलीय लोकांनी. मी लेकीला म्हटलं, बंद कर ते, मला बघवत नाही. तिनं बंद केलं नाही. माझा हात धरून बसली.

चौथ्या फेरीत त्याचं नाव वाचलं.

मला आधी खरंच वाटेना. मी लेकीकडं बघितलं, ती खुर्चीतून उठून उड्या मारत होती, "आई, दॅट्स हिम! दॅट्स हिम!"  सुटले. सुटले गं बाई एकदाची! मी ढसाढसा रडायला लागले आणि रडताना हसायलाही येत होतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. दोन दिवस उरावर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलून नेला.

निवडलेल्या पोरांच्या घरी कॅमेरा जोडलेला असतो. पडद्यावर एक साधीशी बैठकीची खोली आली, सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि मधोमध तो. हेल्मेटशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. आठ मॅच याचे पाय बघितले, खांदे बघितले, हात किती खाली जातात ते इंचाइंचानं बघितलं. तर हा असा दिसतो होय! कान मोठे, पुढचे दोन दात फाकलेले, गालावर तारुण्यपिटिका. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसला असता असा, अगदी पोरगाच. त्याची आई रडत रडत त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. त्याला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. तो नुसता हसत होता.