साहेबांच्या पांढऱ्या सफारीवर आमचा धूर

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. मग चहा सांडला म्हणून माझ्या नावानं ओरडायचं नाही. अकलेचे दिवे सगळेच कधी ना कधी पाजळतात, पण मी एका पावसाळ्यात दोन पाजळले, आणि वर ते दुसऱ्याचे म्हणून गावभर सांगत फिरलो!

गोष्ट त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी सालची. आंब्याच्या पेट्या वाहायला माझ्याकडे एक जुनी डिझेल पिकअप होती, मुंबईहून सेकंडहँड आणलेली. उजवं दार फक्त आतून उघडायचं आणि डावं उघडायचंच नाही. पण माझा तिच्यावर भारी जीव. जूनमध्ये आंबा संपला की तिला शेडमध्ये ठेवायची आणि नव्या सीझनला बाहेर काढायची, असा आमचा शिरस्ता.

तर त्या वर्षी मार्चात मी गाडी आरटीओकडे पासिंगला नेली. इन्स्पेक्टरसाहेब नवीन, देशावरून आलेले. अंगात पांढराशुभ्र सफारी! इथल्या लाल मातीत पांढरा सफारी घालणारा माणूस धाडसीच म्हणायचा. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले आणि सायलेन्सरच्या मागे जाऊन उभे राहिले.

"द्या रेस."

मी दिली. मनापासून दिली.

धूर म्हणजे किती काळा? मागचं कंपाउंड दिसेना. कंपाउंड सोडा, साहेब दिसेनात! धूर विरला तेव्हा आतून एक करडा सफारी खोकत बाहेर आला.

"नापास! सोमवारी परत आणा. तोवर गाडी रस्त्यावर दिसता कामा नये."

मंगळवारी पहिल्या आंब्याची काढणी ठरलेली. बागेतून पेट्या उचलून मुंबईच्या ट्रकपर्यंत पोचवायला ही एकच गाडी. झाडावर तयार झालेला आंबा काय माझ्या पासिंगसाठी थांबणार होता?

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. काही बिघडलं की आधी माणूस शोधायचा, बिघाड नंतर! माणूस तयारच होता. भिकू मिस्त्री. गेल्या मे महिन्यात गाडीचं काम त्यांनीच केलं होतं. तडक त्यांच्या गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर तोंड सोडलं.

"मिस्त्री, कसली नोझल बसवलीत? साहेबाचा पार कोळसा झाला!"

भिकू मिस्त्री म्हणजे साठीचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी गाडी चालू करायला लावली. डोळे मिटून आवाज ऐकला. मग म्हणाले, "आबा, नोझल झकास हायत. गाडीला हवा कमी पडत्ये. हवेची गाळणी उघडून बघू काय?"

"गाळणीला हात लावायचा नाही! तिचा पावसाळ्यात मी स्वतः बंदोबस्त केलाय. नोझल काढा!"

"बरा. तुमी म्हणता तर काढतो."

आता मला सांगा, दुसरा कुणी असता तर पाना फेकून गेला नसता? ह्या माणसानं रविवार मोडून डिझेल फवारणारी चारही नोझल काढली, धुतली, परत बसवली. मी शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण मी त्यांना देवरूखच्या वामन पंपवाल्याचंही गाऱ्हाणं ऐकवलं. वामननंच दुरुस्त केलेला विहिरीवरचा माझा पंप दिवाळीपासून धड पाणी ओढत नव्हता, म्हणून मी वामनला दोन कडक पत्रं टाकली होती. "तुमच्या कामात अक्कल नाही," असं स्पष्ट लिहिलं होतं. वामन हा भिकू मिस्त्रींचा सख्खा मेहुणा. तरीही मिस्त्री फक्त "हं" म्हणाले.

सोमवारी पासिंगला मिस्त्री आपणहून बरोबर आले. रांगेत गाडी चालू केली, तर धूर तस्साच! समोरून साहेब येत होते. आज सफारी काळा. शहाणा माणूस!

शंभर पेट्या डोळ्यांपुढे नाचायला लागल्या. "मिस्त्री," मी म्हटलं, "आता काय ते तुम्हीच करा."

मिस्त्रींनी शांतपणे बॉनेट उघडलं. गाळणीच्या नळकांड्यात दोन बोटं घातली आणि ओढायला लागले. आतून कापड निघालं. निळ्या पट्ट्यांचं. निघतंय, निघतंय, आणि शेवटी नाडीच्या नेफ्याचा तुकडासुद्धा बाहेर आला!

माझ्या पायजम्याचा पाय होता तो.

आता आठवलं. पावसाळ्यात आमच्याकडे भोक दिसलं की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते, नाहीतर उंदीर शिरतो. म्हणून जूनमध्ये मीच जुना पायजमा फाडून ते भोक बुजवलं होतं. हाच तो माझा बंदोबस्त! उंदरानं पायजमा मधोमध कुरतडला होता म्हणून थोडी तरी हवा जात होती, नाहीतर गाडी शेडमधून हललीच नसती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "काय नाय साहेब. पावसाळ्याचा फडका ऱ्हायला होता आत. माझ्याच ध्यानात नाय आला."

माझ्याच! चार माणसांत ज्याची मी अब्रू काढली, त्यानं चार माणसांत माझी झाकली. हे मला ह्या जन्मात जमायचं नाही. गाडी पास झाली, मंगळवारी आंबा वेळेवर निघाला आणि पहिली पेटी मी मिस्त्रींच्या घरी नेऊन दिली. माफी मागितली तीसुद्धा त्यांच्या गॅरेजवर, गिऱ्हाइकांसमोर.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती तांदूळ निवडता निवडता थांबली.

"अहो, पायजम्याला पाय दोन असतात ना?"

मी चप्पल न घालता विहिरीवर धावलो. पावसाळ्यात पंप वर काढून ठेवला होता तेव्हा पाइपाचं तोंडही मीच बुजवलं होतं, आणि दिवाळीत पाइप जोडलाही मीच. पाइप सोडवला आणि आतले निळे पट्टे लगेच ओळखले!

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनला कार्ड टाकलं. 'येण्याची तसदी घेऊ नये. पंप आपोआप बरा झाला.'

आठ दिवसांत उत्तर आलं. साहेबासमोर माझी लाज झाकणारे मिस्त्री मेहुण्यासमोर थोडेच गप्प बसणार? कार्डावर दोनच ओळी होत्या.

'पंप बरा झाल्याचे वाचून आनंद झाला. पायजमा कसा आहे?'