पालकांनी समक्ष भेटावे

मी पाचवीत असताना आमच्या अंबरनाथच्या शाळेत महापालिकेच्या डॉक्टरबाई तपासणीला आल्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दात, डोळे, नखं बघून झाली की काट्यावर उभं राहायचं. पी.टी.चे सर वजन मोठ्यानं सांगायचे आणि बाई लिहून घ्यायच्या. माझं वजन सरांनी सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला. बाईंनी माझ्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं, 'वजन जास्त. पालकांनी समक्ष भेटावे.'

घरी कार्ड वाचून बाबा भडकले. ते मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात अधिकारी होते. कोकणातल्या त्यांच्या लहानपणी एक वेळच्या भाताची मारामार असायची, त्यामुळे लेकीला पोटभर खाऊ घालणं म्हणजेच बापाचं कर्तव्य, असं त्यांना मनापासून वाटायचं. दर रविवारी उल्हासनगरला जाऊन ते सिंधी हलवायाकडून माव्याची मिठाई आणि शेव आणायचे.

"माझी मुलगी काय खाते त्याच्याशी महापालिकेला काय करायचंय?" ते म्हणाले.

"बोलावलंय तर जाऊन येऊ," आई म्हणाली. "मीपण येते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघं बाईंच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीवर बसायच्या आधीच बाबा म्हणाले, "तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझ्या मुलीचं वजन ओरडून सांगितलंत. काल ती जेवली नाही."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे आमचं चुकलंच," त्या म्हणाल्या. "पुन्हा असं होणार नाही."

बाबा भांडायला आले होते. समोरून असं उत्तर आल्यावर ते खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात बाईंनी मला विचारलं, "पळताना धाप लागते का गं?"

"मी पळतच नाही," मी म्हणाले. "खेळात मला कुणी घेत नाही."

हे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं. आई माझ्याकडे बघतच राहिली.

"हिला उपाशी ठेवू नका," बाई बाबांना म्हणाल्या. "वेगळं ताटही नको. घरात खाऊ कोण आणतं?"

"मी."

"मग ही गोष्ट हिच्या नाही, तुमच्या हातात आहे."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

त्या रविवारी ते उल्हासनगरला गेले नाहीत. मला ती शिक्षा वाटली, मी रुसून बसले. बाबा जवळ येऊन म्हणाले, "तुझं काही बंद केलेलं नाही. माझं आणणं बंद केलंय."

आणि ते त्यांनी पाळलं. चहाबरोबर शेव हा त्यांचा जीव की प्राण, पण माझ्या ताटात नसेल ते त्यांच्याही ताटात येईना. रोज सकाळी ते मला चिखलोलीच्या धरणाच्या वाटेनं चालायला न्यायला लागले. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतच आम्ही दोघं एका मोरीच्या कठड्यावर धापा टाकत बसलो. "आईला सांगू नकोस हं," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "एकुलती एक पोर, आणि तिच्या तोंडचा घास काढता?" आई शांतपणे सांगायची, "घास नाही हो काढला. उद्या पहाटे तुम्हीपण चला आमच्याबरोबर." पुढे आई खरंच आमच्याबरोबर यायला लागली. काकू मात्र कधी आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी तपासणी झाली ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत. दाराला पडदा होता आणि आत एका वेळी एकच मूल. डॉक्टरबाईंनी काटा स्वतः वाचला आणि न बोलता लिहिलं. माझं वजन फारसं उतरलं नव्हतं, पण उंची वाढली होती. बाईंनी नुसती पाठीवर थाप मारली.

मी बारीक अशी कधीच झाले नाही. पण सातवीत शाळेच्या खो-खोच्या संघात होते. आधी रागावणं आणि मग ऐकून घेणं बाबांना जमलं, आणि अधिकाराच्या खुर्चीत बसून चूक कबूल करणं बाईंना. ही दोन्ही माणसं मला एकाच टेबलाशी बघायला मिळाली, याचं मोल मला फार उशिरा कळलं.

पुढे बाईंची बदलापूरला बदली झाली. कारखान्याचा दवाखाना घराजवळ असूनही बाबा रक्तदाब तपासायला निवृत्तीपर्यंत त्यांच्याकडेच जात राहिले.