इत्तोचा ट्रॅक्टर आणि खालचा पाइप

मिडेल्ट शहराच्या बसथांब्यामागे माझं सुट्या भागांचं दुकान आहे. त्या उन्हाळ्यात लल्ला इत्तो (आमच्याकडे बाईला मानानं लल्ला म्हणतात) तिथं पाच वेळा आली आणि पाचही वेळा मी तिला काही ना काही विकलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत माझा काही मोठेपणा नाही.

इत्तो वर डोंगराकडच्या वाडीत राहते. सफरचंदाची बाग आहे, झाडांच्या ओळींमधून जेमतेम जाईल एवढा छोटा ट्रॅक्टर आहे. नवरा बास्सू तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगी आगादीरला नांदते, मुलगा फ्रान्समध्ये. शेजारची दोन घरंही उठून गेली. त्यांची दारं वाऱ्यानं आपटत, म्हणून इत्तोनंच ती तारेनं बांधून ठेवली.

बास्सू असताना ती ट्रॅक्टर चालवायची आणि तो दुरुस्त करायचा. आता गवत कापायला घेतलं की इंजिन तापायचं.

"उतारानं शहरात येते तेव्हा काटा जागचा हलत नाही," ती मला म्हणाली होती. "बागेत घातला की अर्ध्या तासात लाल खुणेवर."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण गिऱ्हाइकं होती. मी तिला रेडिएटरचं झाकण दिलं. पुढल्या आठवड्यात पंख्याचा पट्टा. मग रेडिएटर धुवायचं औषध, मग त्यात भरायचं कूलंटचं नवं पाणी. पाचव्यांदा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडून पाणी सोडणारी झडप. नवा घ्यायच्या आधी तिनं जुना पातेल्यात उकळून पाहिला होता.

"उघडतो की तो," ती म्हणाली.

"तरी बदलून टाका, लल्ला. शंका नको."

त्यातल्या एका खेपेला ती ट्रॅक्टर घेऊनच खाली आली. समोरच्या झायद मेकॅनिकनं दुकानासमोर थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटं ऐकलं. "हेड गेलंय. इंजिन खोलावं लागेल. नाहीतर विकून टाका आणि शेळ्या पाळा. या वयात ट्रॅक्टर कशाला?"

"शेळ्या तापत नाहीत वाटतं?" इत्तो म्हणाली आणि निघून गेली.

थर्मोस्टॅट बसवूनही काटा लाल झाला, तेव्हा मात्र ती माझ्याकडे आली नाही. नंतर तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी ती बागेच्या मध्यावर ट्रॅक्टर बंद करून बसली आणि रडली. आसपास कोणी नव्हतं, त्यामुळे रडणं आवरायचं कारणही नव्हतं. मग तिच्या मनात आलं, सगळ्यांनी हे इंजिन थंड असतानाच पाहिलंय. आपणही. तापलेलं कोणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धा तास गवत कापलं. काटा चढायला लागताच ट्रॅक्टर उभा केला, पातं थांबवलं, ब्रेक लावून चाकांना दगड लावले. हाताच्या दांड्यानं रेस वाढवून तशीच ठेवली आणि पंख्यापासून लांब, बाजूला, जमिनीवर आडवी झाली. रेडिएटरच्या तळातून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाइप पंपाच्या ओढीनं आत खेचला जाऊन चपटा झाला होता. तिनं उठून रेस कमी केली. पाइप हळूहळू फुगून पहिल्यासारखा गोल झाला. पुन्हा रेस, पुन्हा चपटा. इंजिनला सगळ्यात जास्त पाणी लागतं तेव्हाच पाण्याची वाट बंद होत होती.

इंजिन निवल्यावर तिनं तो काढला, सुरीनं उभा चिरला आणि सहाव्यांदा माझ्याकडे आली. पाइप आत दबू नये म्हणून त्यात तारेची स्प्रिंग असते. तिचा नुसता गंज उरला होता, चहाच्या भुकटीसारखा.

इत्तोचा आवाज बसलेला होता. मी विचारलं, सर्दी झाली का?

"नाही. चार दिवसांनी पहिल्यांदा माणसाशी बोलतेय."

मी स्प्रिंगवाला नवा पाइप काढून दिला. म्हटलं, "मी वर येऊन बसवतो."

"बसवीन मी. तू चहाला ये, मिमून. पाइपासाठी नको."

मी गेलो तो थेट ऑक्टोबरात. मधल्या काळात ती एकदाही दुकानात आली नव्हती. यायचं कारणच उरलं नव्हतं, आणि तिचा यायचा वार, मंगळवार, आला की मी उगाच रस्त्याकडे बघत असे. बागेत ट्रॅक्टर चालू होता. तिनं मला पाहून हात वर केला, पण ओळ पुरी केल्याशिवाय थांबली नाही. मग इंजिन बंद केलं. आम्ही दोघं बांधावर बसलो. मध्ये काउंटर नव्हता, घ्यायचं-द्यायचं काही नव्हतं. तिनं किटलीतून दोन पेल्यांत चहा ओतला.

"बास्सूला आवाजावरूनच कळलं असतं," ती म्हणाली. "मला झोपून बघावं लागलं."

"पण कळलं."

"कळलं. आणि सांगायला त्या दिवशी इथं कोणी नव्हतं." तिनं हातावरचं गवत झटकलं. "मी मोठ्यानं त्या झाडांना सांगितलं. हसू नकोस."

मी हसलो नाही. चहा झाल्यावर ती पुढची ओळ कापायला गेली.