साडूंचं चार पॉइंट सहा

“दार लावा आधी, मग आत या!”

या दोन गोष्टी त्याच क्रमाने कशा करायच्या, हा प्रश्न तुबलीतल्या त्या फ्लॅटच्या उंबऱ्यावर सहकुटुंब उभ्या असलेल्या मला पडतो. आतून ओरडणाऱ्या आमच्या साडूंना पडत नाही. ऑगस्टातली बहारीनची हवा म्हणजे इडलीपात्राचं झाकण काढल्यावर तोंडावर येते ती वाफ. ती आत शिरली, की त्यांच्या गारठलेल्या कॉम्प्युटरला घाम फुटतो, आणि पाठोपाठ साडूंना. यंत्रांवर जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण म्हाताऱ्या प्रोसेसरला बाळंतिणीसारखं वाऱ्यापासून जपणारा इसम देवाने एकच घडवला, आणि तो माझ्या बायकोच्या बहिणीला दिला.

साडू मआमीरकडच्या एका कारखान्यात चिलर सांभाळतात, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच, गारवा. बायकोचं डोकं दुखलं, एसी वाढवा. भात करपला, एसी वाढवा. बैठकीतल्या एसीच्या तोंडाला त्यांनी हत्तीच्या सोंडेएवढा चंदेरी पाइप बांधून तो थेट कॉम्प्युटरच्या उघड्या पोटात सोडलाय. पाहुणे वर्तमानपत्राने वारा घेतात. प्रोसेसर महाबळेश्वरी असतो. मेहुणी श्रीखंडाचं पातेलं त्याच्या शेजारीच ठेवते. “घरात थंडी तेवढीच आहे, भावजी. तिलाही कामाला लावलं,” म्हणते.

आणि हा सगळा खटाटोप लेकासाठी. ईसा टाउनच्या शाळेत शिकलेला मुलगा आता कॅनडात असतो. जाण्याआधी बापलेकांनी मिळून जोडलेला हा कॉम्प्युटर, आणि त्याचा वेग चढवत चार पॉइंट सहा गिगाहर्ट्झवर न्यायचा, हा दोघांचा पण. दर शुक्रवारी त्याचा फोन येतो. “जेवलास का रे?” “येस.” “थंडी आहे का?” “ओके.” संपलं संभाषण. पण साडू “अरे, चार पॉइंट सहाला परत बंद पडला,” म्हणाले रे म्हणाले, की पोरगा खुर्ची ओढून बसतो. व्होल्टेज किती दिलं, तापला किती, रॅम बदलून पाहिली का, असा तासभर फड रंगतो. इंग्रजीत फाडफाड चाललेला मुलगा मध्येच वैतागून “बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदला ना!” म्हणतो, तेव्हा साडू माझ्याकडे वळून हळूच सांगतात, “मराठीत बोलला बघा.”

यंत्र चार पॉइंट पाचवर गुमान चालायचं. सहावर नेलं की मान टाकायचं. साडूंनी पॉवर सप्लाय बदलला, प्रोसेसरवरची पेस्ट खरवडून नवी लावली, पंखे तर इतके बसवले की एखाद्या दिवशी कॅबिनेट उडून समुद्रापलीकडे सौदीत उतरलं असतं. मी एकदा म्हटलं, “साडूभाऊ, खलास झालाय हा. नवीन घ्या की.” त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “नव्यात बिघडणार काय?”

त्या शुक्रवारी दार लावून आम्ही आत गेलो, तर समोर फोनवर लेक आणि कॅबिनेटमध्ये मानेपर्यंत बाप. व्होल्टेज आणखी चढवलं. पडदा उजळला, दोन क्षण टिकला आणि काळा झाला.

“बाबा, दॅट्स इट,” लेक म्हणाला. “ही चिप एवढीच. व्होल्टेज वाढवलं की तापते, तापली की आपणहून बंद होते. चार पॉइंट पाचवर ठेवा आणि सोडून द्या.”

“पाइप मोठा करू?”

“नको.”

“बर्फ लावला तर?”

“बाबा.”

साडूंनी पाचवर ठेवलं. यंत्र झकास चाललं. मेहुणीने एसीचा पाइप काढून टाकला, तशी त्या बैठकीत आम्हा पाहुण्यांना पहिल्यांदाच एसी लागला.

पुढच्या शुक्रवारी मीच साडूंना फोन केला. “काय, आला होता का लेकाचा फोन?”

“आला होता. मशीन कसंय विचारलं. म्हटलं, बरंय.”

“मग?”

“मग काय. ठेवला.”