फाट्यावर उभी राहिलेली गाडी

गेल्या वर्षी डाळिंबाच्या हंगामात मी पहिल्यांदाच नवऱ्याबरोबर ट्रकमधून आटपाडीकडे गेले. आमचा ट्रक सहा चाकांचा, जुनाच, पण स्वतःचा. साताऱ्यातून पशुखाद्याची पोती भरायची, माणदेशातल्या दुकानांना पोचवायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हा नवऱ्याचा धंदा. आटपाडीची खेप मात्र तो शक्यतो टाळायचा. तिथून जवळच माझं माहेर आहे, आणि लग्न झाल्यापासून त्या घरी आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

माझे वडील मराठा, शेतकरी, सैन्यातून निवृत्त झालेले. सासरचे लोक बौद्ध. आम्ही रजिस्टर लग्न केलं तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "सुखानं राहा. पण हितं येऊ नगंस." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते बसल्या जागेवरून, शेंगा फोडता फोडता म्हणाले. त्यामुळे ते खरं आहे हे मला लगेच कळलं. आई अधूनमधून फोन करायची, पण आण्णा शेतात गेले की मगच.

त्या दिवशी नेहमीच्या दुकानदाराचा माल होता, नाही म्हणता येईना. मी म्हटलं, मीपण येते. मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं.

"उतरायचं म्हणशील मधेच," नवरा म्हणाला.

"नाही उतरत. आमच्या गावच्या फाट्यावरून जाताना खिडकीतून बघते फक्त."

म्हसवडच्या पुढे तिसरा गिअर निसटायला लागला. खट् असा आवाज व्हायचा, दांडा आपोआप मधे यायचा आणि भरलेल्या गाडीचा जोरच जायचा. नवरा पुन्हा गिअर टाकायचा, जरा पुढे गेलो की पुन्हा खट्. मी विचारलं, "हे कधीपासून?" तो म्हणाला, "थोडे दिवस झाले." म्हणजे बरेच दिवस झाले असणार. पुढे एका चढाला त्याने मला सांगितलं, "जरा दांडा दाबून धर." मी दोन्ही हातांनी धरला. दांड्यातून खांद्यापर्यंत थरथर यायची. मला वाटायचं, आत काहीतरी सुटायला बघतंय आणि आपण त्याला सुटू देत नाही.

आटपाडीत पोती उतरवली. डाळिंबं भरायची बाग तिथून पुढे होती, माझ्या माहेरच्या गावाचा फाटा ओलांडून. गाडी रिकामी असूनही आता नुसता आवाज नाही, खरडल्यासारखं व्हायला लागलं. नवऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये रेटत गाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत आणली, कारण मधे सगळं माळरान होतं. तिथे गाडी बंद केली आणि खाली उतरून दोन-चार ठिकाणी फोन लावले. आटपाडीचा मेकॅनिक बाहेरगावी गेला होता. बागवाल्याने दुसरी गाडी बघतो म्हणून सांगितलं.

आण्णा लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते आणि आता शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोघंही ते बोलत नव्हतो. शेवटी मीच आईला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. आई म्हणाली, "थांब." ती फोन घेऊन शेडकडे गेली असावी. मग आण्णांचा आवाज आला. इतक्या वर्षांनी ते माझ्याशी बोलले ते हे:

"कुठला गिअर?"

"तिसरा."

"आवाज कसला येतोय?"

मी तोंडाने तो आवाज काढून दाखवला. टपरीवाला बघत राहिला.

"गाडी हलवू नका. येतो," ते म्हणाले.

ते मोटारसायकलवरून आले, मागे पान्यांची पेटी बांधलेली. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे एकदा बघितलं, मग ट्रकखाली वाकले. आणि माझ्या नवऱ्याच्या हाताच्या अंतरावर उभे राहून मला म्हणाले, "ह्यांना इचार, तेल कवा बदललं होतं."

"अहो, तेल कधी बदललं होतं?" मी विचारलं. घरी मी त्याला अरेतुरे करते. त्याने चमकून माझ्याकडे बघितलं.

"दिवाळीच्या आधी, सांग त्यांना."

"दिवाळीच्या आधी, आण्णा."

बराच वेळ असं चाललं. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. मग आण्णांनी ट्रॅक्टर आणून गाडी शेडपर्यंत ओढून नेली. शेड माहेरच्या घराच्या अंगणालाच लागून आहे. आई चहा घेऊन आली. आण्णांचा चहा स्टीलच्या कपात होता, आमचा दोघांचा कागदी कपात. आईने माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी कप तसाच खाली ठेवला. नवऱ्याने मात्र सगळा प्यायला आणि म्हणाला, "मामी, चहा झकास झालाय." आई पदर सावरत घाईघाईने आत गेली. रात्री आम्ही ट्रकच्या केबिनमध्येच झोपलो.

दुसऱ्या दिवशी चेन कप्पीने गिअरबॉक्स खाली उतरवला, आणि तो जमिनीवर टेकल्या टेकल्या भांडण सुरू झालं. आण्णांचं म्हणणं, उघडू, झिजलेलं बदलू, पुन्हा चढवू. नवऱ्याचं म्हणणं, उघडायचाच नाही, जुन्या बाजारातून दुसरा आणून बसवायचा. त्याने तोच बॉक्स आधी एकदा दुरुस्त करून घेतला होता आणि तेव्हापासून त्याचा त्यावरचा विश्वास उडाला होता. पहिल्यांदा हेही माझ्यामार्फतच चाललं. पण भांडण कुणामार्फत करता येत नाही. वाक्यं मला वगळून थेट एकमेकांकडे जायला लागली.

"न बघता टाकून द्यायचं? दुसऱ्याचा जुना बॉक्स म्हंजी दुसऱ्याचं दुखणं घरात आणायचं!" आण्णा म्हणाले.

"आणि ह्याचं दुखणं रोज कोण काढतंय? मीच ना?"

"मी सांगतोय ते नीट बसंल."

"मामा!" नवरा एकदम मोठ्याने म्हणाला. "गाडी मी चालवतो. घाटात गिअर निसटला तर खाली कोण जाणार? काल तुमचीच पोरगी शेजारी दांडा धरून बसली होती."

आण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं, झालं, आता आम्हाला गाडी ओढत परत फाट्यावर नेऊन सोडतील. आण्णा माझ्याकडे बघत होते. बहुतेक मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेय हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

"मग उघडून बघू तरी," ते नवऱ्याला म्हणाले. "बघितल्याबिगर तुझंबी खरं न्हाई आन् माझंबी न्हाई."

मामा ही हाक नवऱ्याने आण्णांना तोवर कधीच मारली नव्हती. दोघं खाली बसून नट सोडवायला लागले.

बॉक्स उघडला. तिसऱ्या गिअरचे दाते चघळल्यासारखे गोल झाले होते, हे मलाही दिसलं. आण्णा खूश झाले. "ह्ये बदलता येतंय," म्हणाले. मग त्यांनी बेअरिंग काढलं आणि ते जिथं बसतं तिथं आत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. नवं बेअरिंग त्यांच्या पेटीत होतं, ते बसवून हलवून बघितलं. मग नवऱ्याला म्हणाले, "हात घाल. बघ."

नवऱ्याने बोट घातलं. "हलतंय."

"घरच ढिलं झालंय बेअरिंगचं. किती नवं घातलं तरी लगीच डुलाय लागंल, आन् दाते पुन्हा खाईल." आण्णांनी नवं बेअरिंग काढून पुन्हा पेटीत ठेवलं. मग रॉकेलने हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचं बरोबर हाय. बदलायचा."

मला वाटलं होतं नवरा जिंकल्यासारखा हसेल. पण तो जमिनीवरच्या त्या उघड्या बॉक्सकडे बघत म्हणाला, "एखादं वर्षसुद्धा नाही का चालणार, मामा?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "तू म्हणालास ते घाटाचं ध्यानात ठेव."

त्या दिवशी दुपारी आम्ही आत, सोप्यात जेवलो. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही. ताटं सगळ्यांना सारखी. शेजारी चुलत्यांचं घर आहे. त्यांचं आमच्या बाजूचं दार आम्ही होतो तोवर उघडलं नाही.

पुढच्या दिवशी सकाळीच आण्णा आणि नवरा एसटीने सांगलीला गेले, जुन्या मालाच्या बाजारात. नवरा एकटाच जाणार होता, पण आण्णांनी फेटा बांधला. "मी बघितल्याबिगर घ्यायचा न्हाई," एवढंच म्हणाले. दिवसभर मी आणि आई दोघीच घरी. मोबाईलवर मी तिला नातीचे फोटो दाखवले. एका फोटोत मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. आई म्हणाली, "आगं, ह्ये तर तुझ्या आण्णांचं उभं राहणं हाय." नंतर तांदूळ निवडताना ती आपणहून म्हणाली, "त्ये कप... मला काय सुधरंना बघ त्या दिवशी." मी म्हटलं, "असू दे." ते कागदी कप पुन्हा मला दिसले नाहीत, मीही शोधले नाहीत.

दोघं परतले ते भाड्याच्या टेम्पोत, मागे गिअरबॉक्स दोरीने बांधलेला. टेम्पोतून उतरताना त्यांचा वाद चालूच होता. पहिल्या दुकानातला बॉक्स खराब आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं, हा तो वाद. आण्णा म्हणत, मी तेलाच्या वासावरून ओळखलं. नवरा म्हणे, मी शाफ्ट हलवून दाखवला म्हणून तुम्ही वास घेतलात. आईने दोघांनाही हात धुऊन जेवायला बसायला सांगितलं, तेव्हा वाद थांबला.

बॉक्स चढवायला पुढचा सगळा दिवस गेला. आण्णांनी पहिली चक्कर स्वतः मारली. नवऱ्याला शेजारी बसवलं आणि माळावरच्या चढाने गाडी वर नेली. मी आणि आई अंगणात उभ्या राहून आवाज ऐकत होतो. दुसरा, तिसरा, मग लांबवर चौथा. कुठे खट् झालं नाही. परत आल्यावर आण्णांनी इंजिन बंद केलं आणि लष्करातल्यासारखं "ठीक है" म्हणाले. ह्यापेक्षा जास्त कौतुक त्यांना येत नाही.

निघताना आईने डाळिंबं आणि शेंगांचं गाठोडं दिलं आणि कानात म्हणाली, "फुडच्या येळी पोरीला आण." आण्णा तेव्हा खाली वाकून आवळलेलेच नट पुन्हा आवळत होते. त्यांनी ऐकलं असणार, नाही म्हणाले नाहीत.

म्हसवड ओलांडल्यावर नवऱ्याने मला एसटीतली गोष्ट सांगितली. गावातले एक म्हातारे गृहस्थ त्यांच्या मागच्याच बाकावर होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ह्यो कोण रं बरूबर?" आण्णा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "जावई हाय माझा. साताऱ्याचा." मग त्या म्हाताऱ्यांनी नवऱ्याला डाळिंबाचा भाव विचारला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे माझ्या लहानपणी नुसती कुसळं होती, तिथे आता उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर हिरव्या बागा आहेत. मी त्याच बघत होते.

आता आटपाडीची खेप आम्ही टाळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आजोळी राहून आली, ट्रॅक्टरवर बसून काळी होऊन आली. चुलत्यांचं दार अजून बंदच आहे. आणि आण्णा आमच्या घरी साताऱ्याला अजून आलेले नाहीत. सासूबाई दर सणाला विचारतात, मी म्हणते, येतील.

परवा मी स्वयंपाक करत होते तेव्हा नवऱ्याच्या फोनवर आण्णांचा फोन आला. ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल दोघांचं बोलणं चाललं होतं. मग नवऱ्याने एकदम फोनचा आवाज मोठा केला.

"साताऱ्याला स्टँडवर उतरलं तर तुमचं घर लांब पडतंय का?" आण्णा विचारत होते.

"मामा, एसटीनं येऊ नका. मी न्यायला येतो."

"ट्रक घिऊन?"

"ट्रकच हाय माझ्याकडं."

"मग ये रविवारी," आण्णा म्हणाले. "तुझी मामीबी यायची म्हणतीया."